लष्करहून चोडणला, आषाढात

पहिला दिवस : आषाढ शुद्ध षष्ठी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आमच्या दौलतगंजातल्या घरात विळीला आदोळी म्हणतात. लष्करातल्या बाकीच्या मराठी घरांत ती विळीच असते. शाळेत असताना मी एकदा निबंधात 'आजी आदोळीवर खोबरं खवत होती' असं लिहिलं आणि बाईंनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली. मी रडत घरी आले. आजीने वही बघितली आणि म्हणाली, "मारू दे रेघ. आपला शब्द आहे तो, चोडणचा." चोडण कुठे आहे ते मात्र तिला सांगता आलं नाही. बेट आहे, चहूकडे पाणी आहे आणि आपली देवी देवकी मूळची तिथली, एवढंच ती ऐकत आली होती.

पणजोबांची एक मोडीतली वही घरात आहे. बहुतेक पानांवर देणी-घेणी आहेत. शेवटच्या पानावर पाच ओळी आहेत : मूळ वस्ती बेट चोडण. तेथून माशेल. तेथून पेडणे. तेथून उज्जैन. तेथून लष्कर. शेवटच्या दोन ओळी आम्हाला नीट उलगडतात. गोव्यातल्या पेडण्याच्या बाजूची पुष्कळ शेणवी घरं शिंद्यांच्या पदरी उत्तरेत आली. जिवबादादा बक्षी त्यातलेच. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज त्यांच्या हाताखाली होती. आमचा पूर्वज कुठल्याशा दप्तरात कारकून असावा, तलवारीची गोष्ट घरात कोणी सांगत नाही. पुढे १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी टाकली, तिचंच लष्कर झालं आणि आम्ही लष्करवाले झालो. पण वरच्या तीन ओळी आमच्यासाठी नुसती नावं होती.

आत्याने यंदा ठरवलं की जायचं. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. घरच्यांनी दिवाळीनंतर जा म्हणून परोपरीने सांगितलं. ती ऐकेना. गोव्यात माशेलला द्वादशीला देवकीकृष्णाच्या अंगणात चिखलकालो, म्हणजे चिखलातल्या खेळांचा उत्सव असतो, तो तिला बघायचा होता. शिवाय ती म्हणाली, "बेट बघायचं तर पाण्याच्या दिवसांत बघावं. कोरड्यात काय, सगळी गावं सारखीच."

देवकीसाठी चंदेरी साडी घेतली, मोतिया रंगाची, बारीक जरीकाठाची. ती तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळली. वहीच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स काढून तिच्या पाठीमागे मी बाळबोधीत सगळं उतरवून घेतलं. भाचा इंदूरहून आदल्या दिवशी आला होता. संध्याकाळी ग्वाल्हेर स्टेशनवर निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गाडी मिळाली. बाहेर नुसता उकाडा होता, आभाळ दाटलेलं आणि थेंब नाही.

दुसरा दिवस

दिवसभर गाडीत. सकाळी मनमाडच्या आसपास पहिला पाऊस लागला. दुपारी पुणे. मिरज येईपर्यंत अंधार पडला होता. डब्यात पुण्याला चढलेलं एक गोव्याचं कुटुंब होतं. त्यांच्यातल्या बाईंनी आत्याला विचारलं, "तुमी खंयचे?" आत्याला प्रश्न बरोबर कळला. "ग्वाल्हेरचे," ती म्हणाली.

तिसरा दिवस

लोंढ्यानंतर गाडी घाट उतरायला लागली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. आत्या जागी होती. तिने खिडकी वर केली आणि पावसाचा झोत थेट तिच्या अंगावर आला, तरी ती बसून राहिली. काळोखात काही दिसत नव्हतं. बोगदा संपला की पाण्याचा आवाज, पुन्हा बोगदा, पुन्हा आवाज. मग एका वळणावर तो इतका वाढला की गाडीची चाकं ऐकू येईनात. भाचा म्हणाला, "आजी, हाच दूधसागर." अंधारात काहीतरी पांढरं सरकल्यासारखं वाटलं एवढंच. मला त्याची खंत नाही. दूधसागरचे फोटो पुष्कळ पाहिलेत, तो आवाज फोटोत नसतो.

मडगावला पहाटे उतरलो. तिथून बसने पणजी आणि पणजीहून रायबंदर. या रस्त्याचा शेवटचा तुकडा फार सुंदर आहे. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला पाणथळ जमीन आणि मधून एक लांबच लांब बुटका दगडी पूल. पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात, १६३३-३४ च्या सुमारास तो बांधला. तीन किलोमीटरहून जास्त लांबीचा हा बांधपूल चिखलावर उभा आहे आणि आजही त्यावरून बसगाड्या धावतात.

राहायची जी खोली आधी ठरवली होती तिला कुलूप होतं आणि फोन कोणी उचलत नव्हतं. पाऊण तास भर पावसात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या एका घरातल्या बाईंनी वरची खोली दिली. खिडकी नदीकडे होती. दुपारी पाऊस थोडा उघडला आणि पलीकडचा काठ दिसायला लागला. पाण्यालगत हिरवी भिंत, तिच्यामागे माड, त्यामागे टेकडीची अस्पष्ट रेघ. मी घरमालकिणीला विचारलं, "ते काय?" "तें चोडण," त्या सहज म्हणाल्या आणि चहा ओतत राहिल्या.

आत्या खिडकीशी गेली आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठली नाही.

चौथा दिवस : नवमी, चोडण

सकाळी आठच्या सुमाराला रायबंदरच्या धक्क्यावर गेलो. फेरीबोट म्हणजे एक सपाट लोखंडी तराफा. पुढची फळी धक्क्यावर आदळते, आधी स्कूटरवाले भराभर उतरतात, मग चारचाकी, मग माणसं. उतरणारे संपायच्या आत चढणारे सुरू. रेनकोट घातलेली शाळेची मुलं, माशांच्या पाट्या घेतलेल्या बायका, एक भटजी सोवळ्याची पिशवी छत्रीखाली धरून. आत्याला दोन अनोळखी माणसांनी दोन्ही दंडांना धरून वर घेतलं आणि बाकावर बसवलं.

मांडवीचं पाणी आषाढात लाल असतं, दाट, गुळाच्या पाकासारखं. वर घाटाकडे तिला म्हादई म्हणतात, ती सह्याद्रीची सगळी तांबडी माती घेऊन खाली येते. झाडाची एक अख्खी फांदी पानांसकट वाहत आमच्या पुढून गेली. समुद्राकडून भरती आत शिरत होती, घाटाकडून पूर खाली येत होता आणि मधोमध दोन पाण्यांची शिवण स्पष्ट दिसत होती. दहा-बारा मिनिटांत बोट पलीकडे लागली. पणजोबांच्या वहीतली पहिली ओळ इतकी जवळ होती.

उतरल्या उतरल्या रस्त्याच्या डाव्या हाताला खारफुटी सुरू होते. बेटाच्या या पश्चिम टोकाला सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, १९८८ पासूनचं, जेमतेम १७८ हेक्टरांचं. पावसात पक्षी फारसे नव्हते, एक खंड्या तेवढा तारेवर भिजत बसलेला. पण खाली चिखलात बघावं तितकं थोडं. तिवराची मुळं चिखलातून उलटी वर आलेली, पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी. त्या मुळांवाटे झाड हवा घेतं. त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत होत्या. निवटी हा मासा कल्ल्यांत पाणी धरून चिखलावर चालतो, डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे. भाचा तिथेच अर्धा तास उकिडवा बसला.

रिक्षा केली आणि गावात शिरलो. चोडणचं जुनं नाव चूडामणी असल्याचं सांगतात. यशोदेने आपला चूडामणी इथे टाकला म्हणून, अशी कथा. गाव उंचावर, टेकडीच्या अंगाने वसलेलं. जांभ्या दगडाच्या भिंती शेवाळाने हिरव्या झालेल्या. जुनी पोर्तुगीज वळणाची घरं, कित्येक बंद, छपरावर नेचे उगवलेले. पांढरं चर्च. एका वळणावर तुळशीवृंदावन आणि त्याच्या समोरच्याच घरापुढे क्रूस. आम्ही कुठे जायचं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. देवकीकृष्णाचं मूळ देऊळ १५४० च्या सुमाराला तिसवाडी तालुक्यातल्या बेटांवरची देवळं पाडली त्यात गेलं. मूर्ती लोकांनी आधी मये गावी नेली, मग माशेलला. पाचशे वर्षांमागच्या जागेवर जाऊन काय बघणार? तरी आत्या रिक्षातून दोन्ही बाजूंना असं बघत होती, जणू कोणीतरी हाक मारणार आहे.

हाक आली, पण आम्हाला नव्हे. पाऊस वाढला म्हणून एका घराच्या पडवीत उभे राहिलो होतो. आत स्वयंपाकघरातून एका बाईचा आवाज आला, मुलीला काहीतरी फर्मावणारा. बाकीचं कोकणी मला कळलं नाही, पण एक वाक्य लख्ख ऐकू आलं : "गो, आदोळी हाड!"

आत्याने माझा हात पकडला. नखं रुतली.

ती विचारल्यावाचून आत गेली. मी मागोमाग. चुलीपाशी साठीच्या बाई, समोर अर्धा नारळ. कोपऱ्यातून मुलगी आदोळी घेऊन येत होती. लाकडी बैठक वापरून वापरून मधोमध खोलगट झालेली, पातं काळं, टोकाला खोबरं खवायचं दातेरी चक्र. आमच्या घरातली तंतोतंत अशीच नाही, आमचीचा पाट लांबट आहे. आत्या त्या आदोळीकडे बोट दाखवून म्हणाली, "आम्हीसुद्धा हेच म्हणतो. ग्वाल्हेरला." पुढे तिला बोलवेना. त्या बाईंना ग्वाल्हेर कुठे ते माहीत नसावं. त्यांनी पाट सरकवला, आत्याला बसवलं आणि आदोळी तिच्याकडे फिरवली. आत्याने पदर खोचला आणि अख्खा नारळ खवून दिला. मग ताटलीत पोई आणि पातळ भाजी आली, नंतर चहा. आत्या एकेक शब्द विचारत होती. तोंडाक म्हणता का? म्हणतात. खतखतं? म्हणतात. रांदप? प्रत्येक वेळी त्या बाई मान हलवायच्या आणि दोघी हसायच्या. घर ख्रिस्ती होतं. भिंतीवर मेरीमातेची तसबीर, खाली तेलाची समई नव्हे पण तशीच एक ज्योत, विजेची.

त्यांचे सासरे आतून आले. वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी मुंबईला गोदीत नोकरी केलेले, म्हणून मराठी चांगलं. मी झेरॉक्स काढली. पिशवीत पाणी शिरलं होतं. मोडी अक्षरं टिकली होती, मागची माझी बाळबोध निळ्या शाईचा डाग होऊन बसली होती. त्यांना मोडी येत नव्हतं. मी पाच ओळी तोंडपाठ म्हटल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वांगड कुठलं?"

तो मला कळला नाही. त्यांनी समजावलं. इथल्या गावांची जमीन कोण्या एका मालकाची नव्हती, गावकारीची होती. जी मूळ कुळं गावात आली, त्यांनी समुद्राला बांध घालून जमीन काढली आणि ती सामाईक ठेवली. ती कुळं म्हणजे वांगडं. पोर्तुगीज आले तेव्हा ही रीत इतकी पक्की होती की त्यांनी ती मोडली नाही, १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, लिहून काढली, आणि नाव दिलं कोमुनिदाद. पुढे धर्म बदलायची वेळ आली तेव्हा एकाच वांगडातले काही देव घेऊन नदीपार गेले, काही जमीन धरून राहिले. "गेले त्यांना देव मिळाला. राहिले त्यांना बांध," म्हातारबाबा म्हणाले. "बांध कोणीतरी सांभाळायलाच हवा होता ना? नाहीतर परत यायला गाव कुठला?"

आमच्या वहीत वांगडाचं नाव नाही. पुस्तकांत मी आजवर जे वाचलं त्यात गेलेल्यांचं दुःख होतं. राहिलेल्यांनी या पाण्याशी रोज काय झगडा केला असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. त्या पडवीत बसल्यावर मला त्याची लाज वाटली.

पाऊस मंदावल्यावर त्यांनी आम्हाला बांध दाखवायला नेलं. ही खाजन जमीन. भरतीच्या पातळीपेक्षाही खोलगट असलेली शेतं, आणि नदीच्या बाजूला चिखल, गवत आणि जांभा दगड यांचा बांध. बांधात एका ठिकाणी मानस आहे, म्हणजे पाण्याचं दार. मी ते जवळून पाहिलं. दगडी चौकटीत लाकडी झडपा, वरच्या बाजूला बिजागरीसारख्या अडकवलेल्या. भरती चढली की नदीचं पाणीच त्या झडपा दाबून बंद करतं, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की शेतात साठलेलं पावसाचं पाणी आतून रेटतं आणि झडपा उघडतात. माणसाने हात लावायचा नाही, चंद्र उघडतो आणि चंद्र मिटतो. आम्ही होतो तेव्हा ओहोटी नुकती लागली होती. आधी फटीतून एक पातळ धार आली, मग लाकूड कुरकुरलं, मग झडप एकदम उचलली गेली आणि शेतातलं गढूळ पाणी फेसाळत नदीत पडलं. त्या धारेत लहान मासे आडवे चमकत होते. एक पोरगा जाळं लावून बसलाच होता.

पाऊस उन्हाळ्यातलं मीठ धुऊन नेतो आणि मग इथे कोरगुट नावाचा भात लावतात, जो उरलेला खारेपणा सोसतो. म्हातारबाबांच्या शेतात तो वीतभर वर आला होता. शेजारची तीन शेतं पडीक होती, तिथे तिवर उगवला होता. बांध एका जागी फुटला की खारं पाणी वर्षभर आत राहतं, तरणी मुलं परदेशी, दुरुस्तीला माणसं मिळत नाहीत. "पुनवेचं उधाण आणि वरून असा पाऊस, ते दोन दिवस झोप नाही," ते म्हणाले. नदीकडच्या अंगाला एक जागा त्यांनी दाखवली. तिथली माती बसली होती आणि ताजे दगड टाकले होते. आत्याने त्या दगडांवरून हात फिरवला. देवळाच्या उंबऱ्यावरून फिरवतो तसा.

निघताना तिने त्यांचा फोन नंबर मागून घेतला.

पाचवा दिवस : दशमी, दिवाडी

रात्रभर वारा होता. पुनर्वसूतला पाऊस, तरणा पाऊस म्हणतात तो. सकाळी जुन्या गोव्याला गेलो. व्हाइसरॉयची कमान नदीच्या धक्क्यावरच आहे, वास्को द गामाच्या पणतवाने आपल्या पणजोबाच्या सन्मानार्थ उभारलेली. तिच्याखालून चालत जायचं की पुढे दिवाडीची फेरी. दिवाडीला पूल नाही. शाळा, बाजार, दवाखाना, वरात, सगळं या बोटींवर. वाऱ्यामुळे बोट थांबवली होती. दोन तास कमानीखाली उभे होतो. आमच्यासोबत एक बाई तापाने फणफणलेलं बाळ घेऊन थांबल्या होत्या, दवाखान्यातून परत घरी जाणाऱ्या. त्या निमूट होत्या. मला मात्र तेवढ्या वेळात बेटावर राहणं म्हणजे काय ते कळलं.

बेटावर पोचल्यावर टेकडीवर चढलो, पिएदादच्या चर्चपाशी. वरून खाली नुसती भिजलेली हिरवी शेतं, मधून नदीचे फाटे आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे ढगात. चर्चच्या दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे. ते इथल्या जुन्या देवळाचा उरलेला भाग असल्याचं सांगतात. कोरीव छत बघितलं की पटतं, ती कदंबकालीन कमळं दुसरी कुठली असणार? इथला गणपती आता खांडोळ्याला आहे.

तिथून नारव्याला. नारवे दोन आहेत, हे ध्यानात ठेवावं लागतं. एक बेटावरचं, एक नदीपार डिचोलीतलं. बेटावरच्या नारव्यात सप्तकोटीश्वराचं मूळ देऊळ होतं. कदंब राजांच्या नाण्यांवर या देवाचं नाव असे. चौदाव्या शतकात बहमनींनी देऊळ पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने १३९१ मध्ये पुन्हा उभं केलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पुन्हा पाडलं. लिंग विहिरीवर दगड म्हणून बसवलं होतं, तिथून ते रात्री काढून नदीपार नेलं असं सांगतात. बेटावर आता कोटितीर्थ उरलं आहे, जांभ्यातलं तळं, पायऱ्या आणि कोनाडे. पावसाने काठोकाठ भरलं होतं. एकेका कोनाड्यात नेचा वाढलेला.

दुपारच्या बोटीने पलीकडच्या नारव्यात गेलो. आत्या दमली होती, पण हे देऊळ बघितल्याशिवाय ती थांबणारच नव्हती. या देवळाच्या दारावर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने काम सुरू झाल्याचा लेख आहे, शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. आम्ही ग्वाल्हेरवाले महाराजांचं नाव घेत मोठे झालो, किल्ले मात्र पुस्तकातच पाहिलेले. त्या दगडासमोर आत्या उभी राहिली, ओले केस कपाळाला चिकटलेले, आणि एकेक अक्षर बोटाने हवेत गिरवत तिने तो लेख वाचायचा प्रयत्न केला. देवळाची अलीकडेच नीट दुरुस्ती झाली आहे, २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं केलं. आत धारालिंग आहे, पैलू पाडल्यासारखं. गोकुळाष्टमीला या नारव्याच्या काठावर तीर्थस्नानाला लोक जमतात.

परतताना आत्या पायरीवर घसरली. गुडघा खरचटला. हळद तिच्या पिशवीत होतीच.

सहावा दिवस : एकादशी

मुक्काम माशेलला हलवला. बाणस्तारीचा पूल ओलांडला की तिसवाडी संपते. पाण्याचा हा एवढा पट्टा. खाली कुंभारजुव्याची खाडी, हिच्यात मगरी आहेत. बेटांवरून निघालेल्यांना असंच एवढं पाणी पार करायचं होतं, कारण अलीकडे पोर्तुगीज होते आणि पलीकडे नव्हते. माशेलमध्ये म्हणून देवळांची दाटी आहे, बेटांवरचे कितीतरी देव इथे शेजारी शेजारी येऊन राहिले.

देवकीकृष्णाच्या देवळात भजन सुरू झालं होतं, ते अखंड चालणार होतं. गाभाऱ्यात देवकी उभी आहे आणि तिच्यासोबत बाळकृष्ण. काळा पाषाण. आईसोबत असलेला कृष्ण मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. आमच्या घरच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण एकटा आहे, रांगता. आत्याला साडी काढून द्यायची होती, पण तिन्ही पिशव्यांतून ओल पोचली होती. पुजाऱ्यांच्या घरी इस्त्री करून घेतली. त्यांच्या पत्नीने चंदेरीचा पोत बोटांत धरून पाहिला आणि विचारलं, "इतकी पातळ, ही टिकते?" आत्या म्हणाली, "माझ्या लग्नातली अजून आहे."

पुजाऱ्यांनी गोत्र विचारलं, गाव विचारलं. आत्या म्हणाली, "लष्कर, ग्वाल्हेर. आधी चोडण." त्यांनी दोन्ही नावं गाऱ्हाण्यात घेतली. आत्या डोळे पुसत नव्हती, वाहू देत होती.

उपास होता. वऱ्याचे तांदूळ आणि केळी.

सातवा दिवस : द्वादशी, चिखलकालो

देवळापुढचं मैदान तांबड्या चिखलाचं तळं झालं होतं. दुपारी भजन संपलं तशी उघड्या अंगाची पुरुषमंडळी, लहान पोरं, म्हातारे, सगळे तेल चोपडून देवळातून बाहेर पडले. जय हरी विठ्ठल म्हणत प्रदक्षिणा झाली आणि मग पहिली उडी पडली. एका क्षणात माणसं ओळखू येईनाशी झाली. कृष्णाने गोपाळांबरोबर खेळावेत ते खेळ, आंधळी कोशिंबीर, दोरीखेच, कोणी कोणाच्या पाठीवर, चार वर्षांचं पोर आजोबांच्या खांद्यावरून सरळ चिखलात. वरून खाऊ उधळत होते. गोड लाडू चिखलातून उचलायचा, पुसायचा आणि खायचा. पाऊस थांबला नाही, कोणाला तो थांबायला नको होता. शेवटी दहीहंडी फुटली.

भाचा कधी आत शिरला ते कळलंच नाही. इंदूरच्या ऑफिसात दिवसभर मशीनसमोर बसणारा हा मुलगा, दोन परक्या पोरांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आला तेव्हा फक्त दात पांढरे दिसत होते. आत्याने त्याच्या गालावरचा चिखल बोटाने काढला, नीट पाहिला आणि म्हणाली, "कालच्या बांधाचीच माती आहे ही." तीन दिवसांपूर्वीच्या म्हणायचं होतं तिला.

आठवा दिवस आणि नंतर

त्रयोदशीला दुपारच्या गाडीने निघालो. या वेळी घाट उजेडात लागला. दूधसागर पाहिला.

पौर्णिमेच्या पहाटे ग्वाल्हेरला उतरलो. आंघोळ, गुरुपौर्णिमेची पूजा, नैवेद्य, सगळं आत्याने गडबडीत उरकलं आणि दुपारी मला म्हणाली, "चोडणला फोन लाव." उधाणाचा दिवस होता. तिकडून म्हातारबाबांचा आवाज पावसात तुटक येत होता. पाणी बांधाच्या माथ्याशी एक वीत ठेवून उतरलं होतं. नवे दगड जागेवर होते. रात्रीची भरती अजून व्हायची होती.

रात्री आत्या झोपली नाही. मी उठून पाहिलं तर ती अंगणात खुर्ची टाकून बसलेली. लष्करात पाऊस नव्हता, चंद्र स्वच्छ होता. तिने मला विचारलं, "तिकडे भरती किती वाजता उतरते गं?" भाच्याने फोनवर शोधून वेळ सांगितली. सव्वातास राहिला होता. मीही खुर्ची आणून तिच्याजवळ बसले.